बर्ड फ्लूचा जनुकीय अहवाल: वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या पोल्ट्रीधारकांची, पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांची आणि काही गृहिणींची पत्रे यंदा एकाच विषयावर आली. त्यांतले आठ प्रश्न निवडले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, पण तिथे थोडक्यात सांगून भागत नाही.

प्रश्न (लेयर पोल्ट्रीधारक, विटा): शेजारच्या शेडचे नमुने पुण्याला गेले. तिथं 'पॉझिटिव्ह' आलं म्हणाले, तरी पुन्हा भोपाळला पाठवले. एकाच रोगाची दोनदा तपासणी कशाला? तोवर आमची अंडी अडकून पडली.

पहिल्या तपासणीत 'पॉझिटिव्ह' आले म्हणजे नेमके काय सापडले, ते आधी पाहू. इन्फ्लुएन्झा 'ए' गटातल्या सगळ्या विषाणूंमध्ये 'एम' नावाचे जनुक जवळपास सारखे असते. त्यामुळे रिअल टाइम आरटी-पीसीआर (विषाणूच्या जनुकाचा ठरावीक तुकडा फेऱ्याफेऱ्यांनी वाढवून शोधणारी चाचणी) करताना आधी तेच शोधतात. 'एम' सापडले की एवढेच कळते की विषाणू 'ए' गटातला आहे. तो एच५ असेल, एच९ असेल किंवा आणखी कुठला (एच आणि एन ही विषाणूच्या पृष्ठभागावरची दोन प्रथिने, त्यांच्या प्रकारांवरून विषाणूचे नाव पडते). तुमच्यासाठी सगळा फरक इथेच आहे. एच९एन२ निघाला तर एकही कोंबडी मारावी लागत नाही. घातक एच५एन१ निघाला तर १ किलोमीटरच्या परिघातले सगळे पक्षी नष्ट करावे लागतात आणि १० किलोमीटरपर्यंतचा भाग निगराणीखाली जातो.

पुण्यातल्या औंधच्या पश्चिम विभागीय रोगनिदान प्रयोगशाळेत प्राथमिक चाळणी होते. पण उद्रेक अधिकृतपणे घोषित करायचा तर भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेचाच अहवाल लागतो. जिवंत घातक विषाणू हाताळायला लागणारी बंदिस्त प्रयोगशाळा तिथे आहे. आणि एच५ आहे एवढे कळून पुरत नाही. तो घातक आहे का, विषाणूच्या वंशावळीतल्या कुठल्या शाखेतला आहे, हे जनुकाची अक्षरे वाचून ठरवावे लागते. लाखभर पक्षी मारायचा निर्णय नुसत्या 'एम' पॉझिटिव्हवर घेतला तर ते पोल्ट्रीधारकाच्या मुळावर येईल.

अहवालात 'सीटी' म्हणून एक आकडा असतो, तो जरूर पाहा. कितव्या फेरीला विषाणू दिसायला लागला, ते तो सांगतो. आकडा जितका लहान तितका विषाणू जास्त. प्रत्येक फेरीला माल दुप्पट होतो, म्हणजे सीटी १८ आणि सीटी ३५ या दोन नमुन्यांत विषाणूचा फरक लाखपटीहून जास्त असतो. ३५ च्या पुढचा आकडा आला तर नवा नमुना मागवणेच शहाणपणाचे.

प्रश्न (पशुवैद्यकीय दवाखान्यातील कर्मचारी, कवठे महांकाळ): आम्ही पाठवलेल्या नमुन्यांवर 'आरएनए खराब, सिक्वेन्सिंग शक्य नाही' असा शेरा आला. चूक कुठे होते?

बहुतेक वेळा पहिल्या चार तासांतच. मेलेली कोंबडी दुपारपर्यंत शेडच्या कोपऱ्यात पडून राहते, संध्याकाळी कोणीतरी स्वॅब घेतो. मार्चमधल्या कवठे महांकाळच्या उन्हात तोवर आरएनएचे, म्हणजे विषाणूच्या जनुकीय साहित्याचे, तुकडे पडलेले असतात. पीसीआरला शंभरेक अक्षरांचा तुकडा पुरतो, म्हणून तपासणी पॉझिटिव्ह येते. सिक्वेन्सिंगला (जनुकाची अक्षरे क्रमाने वाचण्याला) मात्र हजार-दोन हजार अक्षरांचा सलग धागा लागतो.

आजारी पण जिवंत आणि नुकत्याच मेलेल्या, अशा दोन्ही पक्ष्यांचे नमुने घ्या. कोंबडीत घशाचा स्वॅब महत्त्वाचा, कारण तिथे विषाणू सहसा जास्त असतो. गुदद्वाराचाही घ्या, पण वेगळ्या नळीत. बदकांत तर तो चुकवूच नका. स्वॅब पॉलिस्टरचा आणि प्लास्टिकच्या काडीचा हवा. लाकडी काडी आणि कॅल्शियम अल्जिनेटचा कापूस यांतून उतरणारे घटक पीसीआर अडवतात. स्वॅब २-३ मिली व्हीटीएममध्ये (विषाणू टिकवून नेणाऱ्या द्रवात) बुडवा, काडी मोडा, झाकण घट्ट लावा. कोरडा स्वॅब नुसत्या नळीत टाकून पाठवू नका.

नळ्या ४ अंशांवर, बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवा आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी पोचवा. उशीर होणारच असेल तर उणे ८० अंश लागतात. दवाखान्यातल्या साध्या फ्रिजच्या बर्फखान्यात टाकून, वीज गेली की वितळून, पुन्हा गोठलेला नमुना सगळ्यांत वाईट. अवयव फॉर्मेलिनमध्ये बुडवून पाठवायची सवयही सोडा. ते पेशीविकृती पाहायला उपयोगी पडतात, पण त्यातून विषाणू वाढवता येत नाही आणि आरएनए मोडका निघतो. पिंजरा, पाण्याची निपले, पंखे यांचे स्वॅब घ्यायचे असतील तर फवारणीच्या आधी घ्या.

पॅकिंग तिहेरी असावे: नळी, तिच्याभोवती शोषक कागद घालून न गळणारा डबा, आणि बाहेर टणक खोके. नळीवर कायम शाईने शेड क्रमांक, पक्ष्याचा प्रकार, वय, तारीख लिहा. बॉलपेनची शाई ओल्या नळीवरून पुसली जाते आणि मग कोणता स्वॅब कोणत्या शेडचा, हेच कळत नाही. पोल्ट्रीधारकांनी स्वतः नमुने घेऊन कुरिअरने पाठवू नयेत. ते काम शासकीय पशुवैद्यकाचे आहे.

प्रश्न (बी.व्ही.एस्सी.चा विद्यार्थी, कराड): 'क्लीव्हेज साइट' वाचून विषाणू घातक की सौम्य हे सांगतात. नेमकी कोणती अक्षरे पाहायची?

विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. एच५ मधला 'एच' तो हाच. ते आधी अखंड तयार होते. त्याचे दोन तुकडे झाले तरच विषाणू पेशीत शिरू शकतो. जिथे काप पडतो ती जागा म्हणजे क्लीव्हेज साइट, मराठीत छेदनस्थळ म्हणू. काप पडतो तो नेहमी जी-एल-एफ या तीन अमिनो आम्लांच्या (प्रथिन ज्यांनी बनते त्या घटकांच्या) आधी. म्हणून क्रमवारीत आधी जी-एल-एफ शोधायचे आणि तिथून डावीकडे वाचत जायचे.

सौम्य एच५ मध्ये सहसा असे दिसते: पी-क्यू-आर-ई-टी-आर / जी-एल-एफ. कापाला लागून एकच आर, म्हणजे आर्जिनिन. तो कापायला ट्रिप्सिनसारखे एन्झाइम लागते आणि ते श्वसनमार्गात व आतड्यात मिळते. त्यामुळे विषाणू तिथेच अडकून राहतो. आता घातक नमुना पाहा: पी-क्यू-आर-ई-आर-आर-आर-के-आर / जी-एल-एफ. आर आणि के (लायसिन) ही अल्कली गुणाची अमिनो आम्ले इथे एकापुढे एक लागली आहेत. अशी माळ फ्युरिन नावाचे एन्झाइम कापते, आणि फ्युरिन शरीरात जवळपास सगळीकडे असते. मग विषाणू मेंदू, हृदय, स्वादुपिंड, कुठेही वाढतो आणि मर सुरू होते. वरची रचना २.३.२.१ या शाखेत सापडते. गेल्या काही वर्षांत जगभर पसरलेल्या २.३.४.४बी शाखेत ती पी-एल-आर-ई-के-आर-आर-के-आर अशी असते. म्हणजे एवढ्या नऊ अक्षरांवरूनही शाखेचा अंदाज बांधता येतो, मात्र खात्री पूर्ण जनुक वाचूनच करायची.

सौम्याचा घातक कसा होतो? विषाणूची नक्कल करणारे यंत्र या जागी 'ए' आणि 'जी' अक्षरांच्या (ही जनुकाची अक्षरे, अमिनो आम्लांची नव्हेत) रांगेत घसरते आणि तीच अक्षरे पुन्हा लिहिते. नैसर्गिकरीत्या घातक झालेले विषाणू एच५ आणि एच७ या दोनच प्रकारांत सापडले आहेत, म्हणून कायदा त्या दोघांच्या मागे लागतो. घसरण्यावाचूनही हे घडते. चिलीमध्ये २००२ साली एच७एन३ ने स्वतःच्याच एनपी जनुकातला ३० अक्षरांचा तुकडा उचलून छेदनस्थळात घातला होता.

परीक्षेत न विचारले जाणारे, पण कामाचे उदाहरण १९८३ चे आहे. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात एच५एन२ वसंतात सौम्य होता आणि ऑक्टोबरपर्यंत घातक झाला. दोन्हींच्या छेदनस्थळाची अक्षरे एकच होती. सौम्य विषाणूत शेजारची एक शर्करेची साखळी ती जागा झाकून बसली होती. एका बदलाने ती साखळी गेली आणि जागा उघडी पडली. म्हणून अक्षरे सौम्य किंवा संशयास्पद दिसली तर कोंबड्यांवरची चाचणी अजूनही करतात: सहा आठवड्यांच्या दहा कोंबड्यांना शिरेतून विषाणू टोचायचा, दहा दिवस रोज ० ते ३ गुण द्यायचे, सरासरी १.२ च्या वर गेली तर घातक. उलट अक्षरे स्पष्टपणे घातक असली तर एच५ आणि एच७ साठी तेवढे पुरते, कोंबड्या मरायची वाट पाहत नाहीत.

प्रश्न (पोल्ट्रीधारक, पलूस): अंडी ८८ टक्क्यांवरून ६० वर आली, टरफल पातळ, पण मर फारशी नाही. अहवाल एच९एन२. घाबरायचं का?

तुमच्या कळपापुरते सांगायचे तर हा सौम्य विषाणू आहे. त्याच्या जोडीला ई. कोलाय किंवा मायकोप्लाझ्मा हे जिवाणू आले तर मर वाढते, त्यासाठी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने उपचार करा. अंड्यांचा आकडा हळूहळू सुधारतो, मात्र पूर्वीच्या पातळीला जाईलच असे धरून चालू नका. भोपाळच्या संस्थेने एच९एन२ ची निष्क्रिय लस तयार केली आहे, ती पुढच्या बॅचला द्यायची का, ते तुमच्या डॉक्टरांशी बोला.

पण एच९एन२ कडे 'साधी सर्दी' म्हणून पाहू नका. या विषाणूचे जनुकीय साहित्य आठ सुट्या तुकड्यांत असते. एकाच कोंबडीच्या एकाच पेशीत दोन प्रकार शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन नवाच विषाणू बाहेर पडू शकतो. बांगलादेशातल्या एच५एन१ मध्ये एच९एन२ चा पीबी१ हा तुकडा सापडला होता. २०१३ साली चीनमध्ये माणसांना झालेल्या एच७एन९ चे सहा आतले तुकडे एच९एन२ कडूनच आले होते. म्हणून एच९एन२ च्या शेडमध्ये अचानक मर वाढली, तुरे निळे पडले, पायांवर रक्ताचे डाग दिसले, तर 'आधीचंच असेल' असे न म्हणता त्याच दिवशी कळवा.

प्रश्न (शिक्षक, मायणी): आमच्या तलावावर हिवाळ्यात रोहित आणि पट्टकादंब येतात. रोग आला की सगळे त्यांच्याकडे बोट दाखवतात. जनुकांवरून खरं कळू शकेल का?

बरेचसे कळते, पण नीट वाचले तर. पट्टकादंबाचे नाव या रोगाशी जोडले गेले ते २००५ मध्ये, चीनमधल्या चिंगहाई सरोवरावर हे पक्षी मोठ्या संख्येने मेले तेव्हा. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याकडे नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला उद्रेक झाला. तो विषाणू चिंगहाईच्याच २.२ शाखेतला होता. त्यातल्या एकाचे नोंदीतले नाव असे आहे: ए/चिकन/इंडिया/एनआयव्ही३३४८७/२००६. विषाणूचा गट, पक्षी, ठिकाण, प्रयोगशाळेचा क्रमांक आणि वर्ष, या क्रमाने ते वाचायचे. एवढ्यावरून पट्टकादंबच नवापूरला आले असे मात्र सिद्ध होत नाही. एकच शाखा म्हणजे पूर्वज एक, एवढेच. वाटेत किती हात लागले, ते शाखेचे नाव सांगत नाही.

खरी माहिती मिळते ती पूर्ण जनुकसंच शेजारी-शेजारी ठेवल्यावर. आठही तुकड्यांची मिळून साधारण १३,५०० अक्षरे होतात. एच जनुकात वर्षाला ढोबळ मानाने सात-आठ अक्षरे बदलतात, सगळ्या संचात महिन्याला तीन-चार. समजा खटाव तालुक्यात एका आठवड्यात दोन शेडमध्ये मर झाली आणि दोन्ही विषाणूंत शून्य ते दोन अक्षरांचा फरक निघाला. मग दोन्ही शेडना रोग एकाच ठिकाणाहून आला, किंवा एकातून दुसऱ्यात गेला. इथे तलावाकडे नव्हे, अंड्यांचे परत आलेले ट्रे, जुन्या कोंबड्या उचलणारी गाडी, खाद्याचा ट्रक, दोन्ही शेडवर जाणारा मजूर यांच्याकडे बघायचे. फरक तीस-चाळीस अक्षरांचा असेल तर दोन वेगळे शिरकाव मानावे लागतात, आणि तेव्हा रानपक्ष्यांचा विचार रास्त ठरतो.

संगणकावरच्या वंशवृक्षात 'सर्वांत जवळचा' म्हणून जो दिसतो तोच उगम, असे समजणे ही नेहमीची चूक. जवळचा दिसतो तो आतापर्यंत कोणीतरी तपासून जाहीर केलेल्यांपैकी. ज्या तलावावरच्या पक्ष्यांचे नमुनेच घेतले नाहीत, तो वृक्षात दिसणार कसा? दुसरे, नुसत्या एच जनुकाचा वृक्ष काढून थांबू नये. आठही तुकड्यांचे वेगवेगळे वृक्ष काढले आणि एखादा तुकडा भलत्याच फांदीवर बसला, तर अदलाबदल झाली आहे हे तेव्हाच कळते.

तलावावर पक्षी मरून पडलेले दिसले तर हात न लावता वनखात्याला आणि पशुसंवर्धन खात्याला कळवा. पक्ष्यांना हुसकावू नका. ते उडून दुसऱ्या तलावावर जातील, आणि आजारी असतील तर रोगही तिकडे नेतील. शेडला जाळी लावणे, तलावाचे पाणी निर्जंतुक केल्याशिवाय कोंबड्यांना न पाजणे, हे आपल्या हातातले उपाय आहेत.

प्रश्न (पदव्युत्तर विद्यार्थिनी, शिरवळ): आठही तुकडे एका नळीत वाढवताना एम, एनएस, एनपी छान येतात, पण पीबी२, पीबी१, पीए येतच नाहीत. काय करावे?

हे घातक एच५ च्या जिवंत नमुन्यावर नाही, तर निष्क्रिय केलेल्या नमुन्याच्या आरएनएवर करता आहात, असे धरून उत्तर देतो.

सर्व तुकड्यांच्या एका टोकाला १२ आणि दुसऱ्या टोकाला १३ अक्षरे समान असतात, त्यावरच प्रायमरच्या (वाढीची सुरुवात करून देणाऱ्या छोट्या जनुकीय तुकड्यांच्या) एका जोडीने आठही वाढवण्याची पद्धत उभी आहे. पण त्या १२ अक्षरांतले चौथे अक्षर सगळीकडे सारखे नाही. तुमचा प्रायमर ए-जी-सी-ए-ए-ए-ए-जी-सी-ए-जी-जी असेल, तर पॉलिमरेजच्या (विषाणूची नक्कल करणाऱ्या यंत्राच्या) पीबी२, पीबी१, पीए या तीन तुकड्यांत सहसा चौथ्या जागी 'ए' ऐवजी 'जी' लागतो. दोन्ही प्रायमर मिसळून वापरा. बऱ्याचदा एवढ्याने अडचण सुटते.

दुसरे कारण लांबी. ते तिघे सुमारे २,३०० अक्षरांचे आहेत, एनएस जेमतेम ८९०. लहान तुकडे भराभर वाढतात आणि साहित्य खाऊन टाकतात. ४२ अंशांवर एक तास उलट-प्रतिलेखन, मग पाच फेऱ्या ४४-४५ अंशांच्या बंधन-तापमानावर, त्यापुढे २६ ते ३१ फेऱ्या ५७ अंशांवर, आणि विस्तार ६८ अंशांवर किमान ३ मिनिटे ठेवा. मिनिटभरात विस्तार आटोपला तर मोठे तुकडे अर्धवट राहतात. सीटी २८ च्या वरचे नमुने या कामाला काढूच नका.

जेलवर (तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या पटलावर) २,३०० जवळ जाड पट्टी, मग १,७०० (एचए), १,५०० (एनपी), १,४०० (एनए), १,००० (एम) आणि ९०० (एनएस) दिसायला हवे. ४००-६०० जवळ अनोळखी पट्ट्या दिसल्या तर ते अंड्यात वारंवार वाढवल्याने तयार झालेले तुटके पॉलिमरेज तुकडे असण्याची शक्यता मोठी. अंड्यात वाढवण्याआधीच्या, थेट स्वॅबच्या आरएनएपासून पुन्हा सुरुवात करा.

नॅनोपोअर या सिक्वेन्सिंग यंत्रावर वाचत असाल तर छेदनस्थळाकडे विशेष लक्ष द्या. आर-के-आर ची माळ लिहिताना तिथे 'ए' अक्षर सलग पाच-सहा वेळा येते, आणि एकाच अक्षराची रांग मोजताना या यंत्राची गफलत होते. एक 'ए' कमी धरला की पुढची सगळी चौकट सरकते आणि जी-एल-एफ दिसेनासे होते. मग लोक नवा प्रकार सापडला म्हणून आनंदतात. अशा वेळी कच्ची वाचने उघडून पाहा, किंवा तेवढाच भाग सँगर या जुन्या सिक्वेन्सिंग पद्धतीने वाचा. जिथे २० पेक्षा कमी वाचने आहेत तिथे 'एन' (अक्षर अनिश्चित) लिहा, संदर्भ-क्रमवारीतले अक्षर उसने घेऊ नका. प्रत्येक फेरीत नुसत्या पाण्याचा एक नमुना चालवा. त्यात एम जनुक निघाले तर त्या दिवसाचा सगळा निकाल बाजूला ठेवा, कारण एका नमुन्याचा थेंब दुसऱ्यात गेला की खोटी अदलाबदल दिसते.

प्रश्न (गृहिणी, तासगाव): उद्रेक जवळ असताना अंडी, चिकन खावं का?

मध्यभागी ७० अंश तापमान गेले की विषाणू मरतो. रश्शात उकळलेले चिकन आणि पिवळा बलक घट्ट झालेले अंडे चालते. अर्धे उकडलेले अंडे आणि कच्चे अंडे घातलेले पेय टाळा. कच्चे मांस कापलेली पाट-सुरी धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरू नका.

प्रश्न (शेडमालक, मिरज): अहवालात 'पीबी२ ६२७ई' असं लिहिलंय. माणसांना धोका आहे का? आमच्याकडे सहा कामगार आहेत.

पीबी२ प्रथिनाच्या ६२७ व्या जागी 'ई' (ग्लुटामिक आम्ल) असणे ही पक्ष्यांच्या विषाणूची नेहमीची खूण आहे. तिथे 'के' आला तर विषाणूला सस्तन प्राण्यांत वाढणे सोपे जाते. पण एका अक्षरावरून छातीत धडकी भरवून घेऊ नये आणि निश्चिंतही होऊ नये. चिंगहाईच्या २.२ शाखेत ६२७ ला 'के' होता, तरी ती माणसांत साथीसारखी पसरली नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत गाईंमध्ये शिरलेल्या २.३.४.४बी विषाणूत मुख्य बदल ६२७ ला नव्हे, ६३१ ला होता. एच प्रथिनात २२६ आणि २२८ या जागा पाहतात, कारण तिथल्या बदलांनी विषाणू माणसाच्या पेशींना चिकटू लागतो. मात्र ही गणना एच३ च्या मोजपट्टीने आहे, एच५ च्या स्वतःच्या गणनेत त्याच जागा २२२ आणि २२४ होतात. अहवालात कोणती मोजपट्टी आहे हे विचारल्याशिवाय आकडे ताडून पाहू नका. एन१ मध्ये २७५ व्या जागी 'एच' (हिस्टिडिन) या अमिनो आम्लाचा 'वाय' (टायरोसिन) झाला असेल तर ऑसेल्टामिव्हिर हे औषध कमी लागू पडते, ती नोंद डॉक्टरांना दाखवा.

कामगारांसाठी अहवालाची वाट पाहू नका. मर वाढली की त्याच सकाळपासून एन-९५ मास्क, गॉगल, हातमोजे आणि शेडपुरते वेगळे गमबूट द्या. कपडे शेडवरच बदलू द्या, घरी नेऊ देऊ नका. संपर्कानंतर १० दिवस ताप, खोकला, डोळे लाल होणे यांवर लक्ष ठेवा आणि काहीही जाणवले तर कोंबड्यांशी आलेला संबंध सांगून सरकारी रुग्णालयात पाठवा. आणि मर लपवू नका. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने कळवणे बंधनकारक आहे, शिवाय भरपाई शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, त्याआधी रोगाने मेलेल्यांची नाही. सोमवारी चाळीस मेल्या तेव्हाच फोन केला असता तर उरलेल्या हजारोंची भरपाई मिळाली असती. गुरुवारपर्यंत थांबलात तर भरपाईच्या कागदावर लिहायला पक्षीच उरत नाहीत.